गाभ्याचा दुसरा अर्धा भाग

फेब्रुवारी २०२०. लॉकडाऊनला अजून महिनाभर अवकाश होता. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाने एक बातमी टाकली : उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडलं. खाली लगेच हात जोडलेले इमोजी, तिरंगे, आणि 'आता पेट्रोल स्वस्त होणार का' असा आत्याचा प्रश्न. बातमी कुणी खोडसाळपणे रचलेली नव्हती. जिल्ह्याच्या खनिकर्म अधिकाऱ्याच्या हवाल्याने ती देशभरच्या चॅनलांवर चालली होती. आकडा होता सुमारे ३,३५० टन. देशाच्या तिजोरीत तेव्हा जेवढं सोनं होतं, त्याच्या पाचपट.

हा आकडा फार काळ टिकला नाही. २२ फेब्रुवारीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे जीएसआयने, खुलासा केला. सोनभद्रमध्ये आम्ही १९९८ ते २००० या काळात शोध घेतला होता. तिथे ५२,८०६.२५ टन सोनंयुक्त दगड असल्याचा अंदाज आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं आहे. गुणाकार फोनवर करून बघा. १६० किलो येतात. बातमीतला आकडा वीस हजार पटींनी फुगलेला होता.

मामाने खुलासा ग्रुपवर टाकला नाही. खुलासे कुणीच फॉरवर्ड करत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर आकड्यांशी संबंध येत असल्यामुळे असेल, पण माझ्या डोक्यात ३,३५० टनांपेक्षा तो दुसरा आकडा अडकला. ५२,८०६.२५. दशांश चिन्हानंतर दोन स्थळं! जमिनीखालचा, कुणी डोळ्यांनी न पाहिलेला दगड पाव टनापर्यंत कसा मोजतात? आणि मोजणाऱ्यावर आपण विश्वास का ठेवायचा? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी इंडोनेशियाच्या जंगलात आणि कॅनडाच्या शेअर बाजारात जाऊन पोचलो. तीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी भोक कसं पाडतात ते बघू.

चौदा मिलिग्रॅम

महाराष्ट्रातल्या खेड्याशी ज्याचा संबंध आहे त्याला ड्रिलिंग शिकवावं लागत नाही. बोअर मारताना आपण सगळ्यांनी बघितलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शेतात बोअर मारला तेव्हा मी कॉलेजला होतो, सुट्टीला गावी आलो होतो. आधी पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरला. एका जागी नारळ उभा राहिला. मग तामिळनाडूच्या नंबरप्लेटची रिगची गाडी आली. एजंटने फुटाचा दर ठरवला. मुरूम गेला, काळा पाषाण लागला आणि पांढरा फुफाटा आभाळात उडायला लागला. तीनशे फुटांवर बाबा म्हणाले, बास. एजंट म्हणाला, "अजून पन्नास फूट जाऊ दादा, खाली थर बदलतोय." चारशे फुटांपर्यंत गेलो. फुफाटाच.

त्या दिवशी आजोबा एक विचित्र गोष्ट करत होते. दर रॉड खाली गेला की बाहेर पडलेल्या चुऱ्यातली मूठभर माती उचलायची, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरायची आणि मार्करने वर फूट लिहायचे. लोक हसत होते. त्या पिशव्यांकडे शेवटी परत येऊ.

खनिजं शोधताना असा चुरा बऱ्याचदा पुरत नाही. दगड जसा खाली आहे तसाच्या तसा वर यावा लागतो. त्यासाठीचं यंत्र १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करणाऱ्या रोडोल्फ लेशो या अभियंत्याने आणलं. नळीसारखं पोकळ पातं, त्याच्या कडेला हिरे जडवलेले. पातं फिरत खाली जातं, हिरे गोल चीर कापत जातात आणि मधला दगड नळीत अख्खा राहतो. सफरचंदाचा गाभा काढतात तसा. त्याला कोअर म्हणतात. आपण गाभाच म्हणू. हे गाभ्याचे दांडे क्रमाने लांबट खोक्यांत मांडतात, खोलीचे आकडे लिहितात. मग करवतीने प्रत्येक दांडा उभा मधोमध चिरतात. अर्धा भाग कुटून, दळून प्रयोगशाळेत कस लावायला जातो. दुसरा अर्धा खोक्यातच राहतो.

हा दुसरा अर्धा का ठेवायचा? उद्या कुणाला शंका आली तर तो उचलून दुसऱ्या प्रयोगशाळेत नेता यावा म्हणून. बस, एवढंच कारण. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आता थोडं गणित. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका मापाचा गाभा पावणेपाच सेंटिमीटर जाडीचा असतो. असा एक मीटर लांबीचा दांडा जवळपास पावणेपाच किलो भरतो. सोनभद्रसारखं टनामागे तीन ग्रॅम सोनं धरलं, तर या दांड्यात सोनं किती? साधारण चौदा मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याहून कमी. आणि ते सगळ्या दांड्यात बारीक कणांनी पसरलेलं. डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही.

आता समजा अशी भोकं दर पन्नास मीटरवर पाडली. तर जमिनीच्या क्षेत्रफळाच्या साधारण चौदा लाखांतला एक भाग आपण प्रत्यक्ष बघितला. बाकीचे सगळे भाग अंदाजाने भरायचे. हा अंदाज म्हणजे थाप नाही; त्यामागे भूविज्ञान आहे, संख्याशास्त्र आहे. ५२,८०६.२५ मधले दशांश या गणितातून येतात. दगडाच्या पट्ट्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली गुणिले घनता. कॅल्क्युलेटरने दिलेले दशांश कुणी तरी खोडायला विसरलं, इतकंच.

पण या सगळ्या इमारतीच्या पायाशी ते चौदा मिलिग्रॅम आहेत. ते खरे, तर वरचं सगळं तपासून बघण्याजोगं. तेच खोटे असले तर?

बुसांग

१९९३ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात डेव्हिड वॉल्श नावाचा एक माजी शेअर दलाल आपल्या घराच्या तळघरातून ब्रे-एक्स मिनरल्स नावाची चिमुकली कंपनी चालवत होता. शेअरचा भाव सेंट्समध्ये. तो जकार्ताला जॉन फेल्डरहॉफ या भूवैज्ञानिकाला भेटला. फेल्डरहॉफ काही ऐरागैरा नव्हता. पापुआ न्यू गिनीतला ओक टेडी हा तांबं-सोन्याचा मोठा साठा शोधणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याने बोर्निओ बेटाच्या पूर्व कालिमांतान प्रांतातली, बुसांग नदीकाठची एक जागा सुचवली. ब्रे-एक्सने ती ८०,००० अमेरिकी डॉलरला घेतली. तिथे आधी एका ऑस्ट्रेलियन कंपनीने भोकं पाडून बघितली होती आणि फारसं काही न मिळाल्याने सोडून दिलं होतं. जागेवरचं काम मायकेल डी गुझमन या फिलिपिनो भूवैज्ञानिकाकडे आलं.

पहिली दोन भोकं कोरडी गेली. पैसे संपत आले होते, गाशा गुंडाळायची वेळ आली होती. तिसऱ्या भोकात सोनं लागलं. त्यानंतर सोनं लागतच राहिलं.

आकडे वाढत गेले तसे शेअरही चढले. मे १९९६ मध्ये, शेअरचे दहा तुकडे व्हायच्या आधी, भाव २८६ कॅनेडियन डॉलरपर्यंत गेला. कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेली. फेब्रुवारी १९९७ पर्यंत साठ्याचा जाहीर अंदाज सुमारे ७ कोटी १० लाख औंसांवर, म्हणजे २,२०० टनांवर पोचला. फेल्डरहॉफ तर २० कोटी औंसांची भाषा करत होता. जगातला सर्वात मोठा साठा, असं वर्तमानपत्रं लिहायला लागली.

मग मोठे मासे आले. इंडोनेशियात तेव्हा सुहार्तोंची हुकूमशाही होती. बॅरिक ही बलाढ्य कॅनेडियन कंपनी सुहार्तोंच्या मुलीचा हात धरून आली, तर ब्रे-एक्सने सुहार्तोंच्या मुलाशी संधान बांधलं. शेवटी फेब्रुवारी १९९७ मध्ये वाटणी झाली. ब्रे-एक्सला ४५ टक्के, सुहार्तोंचे निकटवर्ती बॉब हसन यांच्या ताब्यातल्या मंडळींना ३० टक्के, अमेरिकेच्या फ्रीपोर्ट-मॅकमोरॅनला १५ टक्के आणि सरकारला १० टक्के. एक संपूर्ण राजवट त्या सोन्याच्या हिश्श्यासाठी भांडत होती, आणि तोवर एकानेही स्वतःचं एक भोक पाडून बघितलं नव्हतं.

अख्खा दांडा

बुसांगला गाभा मधोमध चिरत नव्हते. अख्खा दांडा कुटायला जात होता. खोक्यात उरत होते ते फक्त जागोजागचे दहा सेंटिमीटरचे तुकडे.

असं का, म्हणून विचारणाऱ्यांना उत्तर तयार होतं, आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. इथलं सोनं जाड कणांचं आहे, सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. अर्धा दांडा घेतला तर नेमका कण दुसऱ्या अर्ध्यात राहून जाईल. जास्त दगड तपासला तर उत्तर जास्त बरोबर येईल. ही अडचण खाणकामात खरोखरची आहे. अशा युक्तिवादाची गंमतच ही असते : जास्त काटेकोरपणाच्या नावाखाली तपासणीचा एकमेव रस्ता बंद झाला. पुन्हा तपासायचं म्हटलं तर हातात दांडाच नव्हता.

भोकापासून प्रयोगशाळेपर्यंत जाताना नमुन्यांच्या पोत्यांत सोनं मिसळलं जात होतं. खाणवाले याला सॉल्टिंग म्हणतात. भाजीत मीठ टाकावं तसं. युक्ती जुनी आहे, पण इथे ती वर्षानुवर्षं, हजारो नमुन्यांत, हिशेब ठेवून केली गेली. कुठल्या भोकाच्या कुठल्या खोलीला किती सोनं लागलेलं दाखवायचं, हे भूविज्ञानाला पटेल असं बेतलेलं होतं. म्हणून तर त्यातून तयार झालेला नकाशा जाणकारांनाही खरा वाटला. हे सोनं आलं कुठून? नंतरच्या तपासात पुढे आलं, की स्थानिक लोक नदीच्या वाळूतून चाळून जे सोनं काढायचे ते विकत घेतलं गेलं. सुमारे ६१,००० डॉलरचं. त्या वेळच्या भावाने हे जेमतेम पाच किलो होतात.

पाच किलो सोन्यातून २,२०० टन सोनं कागदावर तयार झालं. चौदा मिलिग्रॅमचं गणित उलटं फिरवलं की हे असं होतं.

मला या प्रकरणात फसवणाऱ्यांपेक्षा फसलेल्यांचं वागणं जास्त ओळखीचं वाटतं. प्रयोगशाळा प्रामाणिक होती. तिच्याकडे आलेल्या पोत्यात जे होतं ते तिने मोजलं. साठ्याचं गणित करणारी किलबॉर्न ही इंजिनिअरिंग कंपनीही नावाजलेली. तिला दिलेल्या आकड्यांवर तिने बरोबर गणित केलं. शेअर बाजाराच्या विश्लेषकांनी किलबॉर्नचा अहवाल बघितला. पेन्शन फंडांनी विश्लेषकांकडे बघितलं. सामान्य माणसाने पेन्शन फंडांकडे बघितलं. प्रत्येकाला वाटत होतं, आधीच्याने तपासलं असणार.

आमच्या ऑफिसात कोड दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कुणी हजार ओळींचा बदल पाठवला, की पहिला माणूस वरवर चाळून 'ठीक दिसतंय' लिहितो. दुसरा बघतो की पहिल्याने मंजूर केलंय, म्हणून तोही अंगठा देतो. मीही दिलाय. दोन सह्या असतात आणि वाचणारा शून्य. बुसांगला सह्या जास्त होत्या, एवढाच फरक.

कोसळणं

जानेवारी १९९७ मध्ये बुसांगच्या छावणीत आग लागली आणि कागदपत्रं जळाली. मार्चमध्ये फ्रीपोर्टने, करारातला आपला हिस्सा पक्का करण्यापूर्वी, स्वतःची यंत्रं लावली. त्यांनी सर्वात साधी गोष्ट केली. ब्रे-एक्सच्या गाजलेल्या भोकांना अगदी खेटून नवी भोकं पाडली. एका भोकात भरपूर सोनं असेल तर शेजारच्यात काही तरी यायलाच हवं. काहीच आलं नाही.

फेल्डरहॉफ आणि डी गुझमन तेव्हा टोरंटोला खाणवाल्यांच्या मोठ्या अधिवेशनात होते. फेल्डरहॉफचा तिथे सत्कार झाला. डी गुझमनला बुसांगला परत येऊन फ्रीपोर्टच्या लोकांना खुलासा द्यायचा निरोप आला. १९ मार्च १९९७ रोजी तो समारिंडाहून हेलिकॉप्टरने निघाला आणि वाटेत जंगलावर हेलिकॉप्टरमधून खाली पडला. मृतदेह चार दिवसांनी सापडला. आत्महत्येच्या चिठ्ठ्या मिळाल्या, तरी तर्कवितर्क आजही थांबलेले नाहीत.

२६ मार्चला फ्रीपोर्टने जाहीर केलं, आम्हाला नगण्य सोनं मिळालं. दुसऱ्या दिवशी ब्रे-एक्सचा शेअर ८० टक्क्यांहून जास्त पडला; विकणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की टोरंटो शेअर बाजाराची संगणक यंत्रणा बंद पडली. ब्रे-एक्सनेच मग ग्रॅहम फार्कर्सन यांच्या स्ट्रॅथकोना या संस्थेला तपासणीला बोलावलं होतं. मेच्या सुरुवातीला त्यांचा निकाल आला : नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं आहे, आणि इतक्या प्रमाणात, इतका काळ, इतक्या काटेकोरपणे केलेली अशी फसवणूक खाणकामाच्या इतिहासात आम्हाला माहीत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या कणांच्या कडा गोलसर होत्या, नदीच्या वाळूत घासल्या गेल्यासारख्या. खडकात अडकलेलं सोनं असं नसतं. कण पहिल्यापासून साक्ष द्यायला तयार होते. त्यांना विचारलं उशिरा.

बुडालं कोण? ओंटारियोच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे सुमारे दहा कोटी डॉलर गेले. क्युबेकच्या सार्वजनिक पेन्शन फंडाचे सात कोटी, ओंटारियोच्या पालिका कर्मचाऱ्यांचे साडेचार कोटी. अल्बर्टातल्या सेंट पॉल नावाच्या लहानशा गावात अनेकांनी एकमेकांचं बघून शेअर घेतले होते. सोसायटीत एकाने घेतला की दुसरा घेतो, तसंच. वॉल्श १९९८ मध्ये बहामाज बेटांवर वारला. फेल्डरहॉफने १९९६ मध्ये आपले कोट्यवधी डॉलरचे शेअर विकले होते. त्याच्यावरचा अंतर्गत माहितीवर व्यवहार केल्याचा खटला २००७ मध्ये निर्दोष सुटण्यात संपला. सोनं नक्की कुणाकुणाच्या सांगण्यावरून मिसळलं गेलं, याबद्दल न्यायालयात कुणावरही गुन्हा सिद्ध झाला नाही.

वायनाड आणि कोलार

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, असल्या नादाला लागायचंच नाही. पण ते इतकं सोपं असतं तर कुणी फसलं नसतं.

१८८० च्या आसपासची आपल्याकडचीच गोष्ट घ्या. वायनाड आणि नीलगिरीच्या भागात सोन्याचे दगड असल्याचा बोलबाला झाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाहून ब्रफ स्मिथ हे खनिजतज्ज्ञ पाहणीला आले. दोन-तीन वर्षांत लंडनमध्ये तीसहून जास्त कंपन्या निघाल्या. कागदावरचं भांडवल चाळीस लाख पौंडांच्या घरात. नमुने निवडक, अहवाल गुलाबी. यंत्रं डोंगरावर चढली आणि सोनं काही निघालं नाही. कंपन्या बुडाल्या.

त्याच वर्षांत तिथून जवळच, म्हैसूर संस्थानातल्या कोलारला, १८८० मध्ये निघालेली एक कंपनीही मरायला टेकली होती. पैसे जवळजवळ संपलेले, भागधारक बंद करा म्हणतायत. जॉन टेलर अँड सन्स या व्यवस्थापकांनी उरलेल्या पैशांत शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं आणि १८८३ मध्ये प्लमर नावाचा खाणकप्तान पाठवला. त्याने जुन्या, देशी खाणकामगारांनी सोडून दिलेल्या खड्ड्यांच्या खाली खोदत नेलं. तिथे चॅम्पियन लोड ही शिरा लागली. मग जे झालं ते तुम्ही केजीएफ या नावाने ओळखता. २००१ मध्ये खाण बंद होईपर्यंत तिथून आठशे टनांहून जास्त सोनं निघालं. सिनेमात दाखवलंय ते सोडा. खरी गंमत ही, की केजीएफ एका भागधारक-सभेच्या अंतरावर बंद पडायची राहिली होती.

म्हणजे 'अजून पन्नास फूट जाऊ' म्हणणारा कधी वायनाडचा असतो, कधी कोलारचा. आशेच्या सुरावरून दोघं ओळखू येत नाहीत. ओळखायचं एकच साधन आहे : त्याने नमुना तपासायला दिला का, आणि तो दुसऱ्या कुणाला पुन्हा तपासता येईल का.

आता दुर्मिळ खनिजांची पाळी

बुसांगनंतर नियम आले. कॅनडात २००१ पासून, साठ्याचे आकडे जाहीर करायचे तर नाव-गाव-पात्रता असलेला माणूस त्यामागे उभा करावा लागतो. नमुने कुणी घेतले, कुणाच्या ताब्यात होते, पुन्हा कसे तपासले हे लिहावं लागतं. आपल्याकडे २०१५ च्या नियमांनी शोधाच्या चार पायऱ्या ठरवल्या. जी-४ म्हणजे ओझरती पाहणी, जी-३ म्हणजे प्राथमिक शोध, जी-२ सर्वसाधारण, जी-१ सविस्तर. जी-४ कडून जी-१ कडे जाताना भोकं दाट होत जातात आणि अंदाज घट्ट होत जातो.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये बातमी आली, जम्मू-काश्मीरच्या रियासीमध्ये ५९ लाख टन लिथियम. मामा पुन्हा ग्रुपवर. मूळ निवेदनात 'जी-३' आणि 'अनुमानित' असे शब्द होते, आणि ५९ लाख टन म्हणजे लिथियम असलेला दगड होता, शुद्ध लिथियम नव्हे. हेडलाइनमध्ये ते सगळं गळून पडलं. तो ब्लॉक लिलावाला निघाला तेव्हा पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत आणि लिलाव रद्द झाला. ज्यांना आपले पैसे घालायचे होते त्यांनी 'जी-३' वाचलं होतं.

दुर्मिळ मृदा खनिजांचं, म्हणजे निओडिमियम, डिस्प्रोसियम वगैरेंचं, प्रकरण सोन्यापेक्षाही अवघड आहे. तुमच्या फोनच्या स्पीकरमध्ये, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये यांचे चुंबक असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने यातल्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि जगभरच्या वाहन कंपन्यांची झोप उडाली. भारतानेही त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय महत्त्वाच्या खनिजांची मोहीम मंजूर केली. जीएसआयला २०३१ पर्यंत १,२०० शोधप्रकल्प करायचे आहेत. म्हणजे येत्या काही वर्षांत देशात भरपूर भोकं पडणार आणि भरपूर हेडलाइन येणार.

पण सोन्याचा दगड दळून त्यातून सोनं वेगळं काढणं माणसाला हजारो वर्षं येतं. दुर्मिळ मृदांची मूलद्रव्यं एकमेकांना इतकी सारखी असतात की त्यांना वेगळं करायला रसायनांच्या टाक्यांच्या लांबलचक रांगा लागतात, सोबत बहुधा थोरियमसारखा किरणोत्सारी कचराही येतो. सापडणं ही तिथे फक्त सुरुवात असते. जानेवारी २०२३ मध्ये स्वीडनच्या एलकेएबी या सरकारी कंपनीने किरुनाजवळ दहा लाख टनांहून जास्त दुर्मिळ मृदा ऑक्साइड असल्याचं जाहीर केलं. त्याच निवेदनात त्यांनी सांगून टाकलं, की खाण सुरू होऊन माल बाजारात यायला दहा ते पंधरा वर्षं लागतील. अशी वाक्यं मला आवडतात. शेअर वर नेणारी ती नसतात.

आणि भोक पडतं तिथे कुणी तरी राहत असतं. सोनभद्रच्या त्या टेकडीजवळच्या आदिवासी कुटुंबांना फेब्रुवारी २०२० मध्ये पहिला प्रश्न पडला तो आपलं घर राहणार का, हा. देशाने ते सोनं दोन दिवसांत विसरून टाकलं. चुकलेल्या आकड्यानेही कुणाची तरी झोप जाते. त्याची दुरुस्ती छापून येत नाही.

दुधाच्या पिशव्या

आमचा बोअर चारशे फुटांवर कोरडा गेला. हिशेबाच्या वेळी एजंट म्हणाला, "दोनशे ऐंशीला ओल लागली होती आजोबा, तुम्हीच बघितली असेल. थोडी होती म्हणून खाली गेलो." बाबा गप्प झाले; त्या धुरळ्यात कुणाला काय आठवणार! आजोबा गोठ्यात गेले आणि '२८०' लिहिलेली पिशवी घेऊन आले. खाटेवर उपडी केली. कोरडी राख. एजंटने विषय बदलला. पैसे द्यावेच लागले, दर फुटाचा ठरला होता.

पुढच्या वर्षी बांधापलीकडे चुलत काका बोअर मारायला निघाले. तोच पाणाड्या, नारळ पुन्हा उभा. आजोबांनी त्यांना गोठ्यात नेलं, पिशव्या ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "मार तू बोअर, तुझं रान आहे. पण आधी हे बघ." काका तासभर पिशव्यांत हात घालून बघत बसले. त्या जागी त्यांनी बोअर मारला नाही. ते पैसे त्यांच्याकडे राहिले.

आजोबांना बुसांग माहीत नव्हतं. जीएसआयच्या गाभ्यांच्या कोठारांबद्दल त्यांनी ऐकलं नव्हतं, जिथे कधी काळी काढलेले दांडे खोक्यांत मांडून ठेवलेले असतात, पुन्हा कुणी विचारायला येईल म्हणून. त्यांचं साधं म्हणणं होतं : खालचं आपल्याला दिसत नाही, तर वर आलेलं तरी जपून ठेवावं.

गोठा पडला, पिशव्या गेल्या. मामा अजून बातम्या टाकतो. मी आता एकच उत्तर पाठवतो : "मामा, दगड किती टन, त्यात सोनं किती ग्रॅम, आणि दुसऱ्या कुणी तपासलं का?"

मागच्या वेळी त्याने उत्तर दिलं, "बघून सांगतो."